गेटवर अडलेलं टपाल

मेंटेनन्सवरून भांडण पेटलं की सोसायटी काय काय अडवते, हे आपल्या पट्ट्यात कुणाला नव्याने सांगायला नको. पार्किंग बंद होतं, एनओसी लटकते, थकबाकीदार म्हणून फळ्यावर नाव लागतं. त्याच ओघात आणखी एक गोष्ट अडते आणि तिच्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही. ती म्हणजे टपाल. वॉचमनच्या टेबलावरचा पत्रांचा गठ्ठा सेक्रेटरीच्या कपाटात जातो आणि विचारायला गेलं की उत्तर मिळतं, "आधी बाकी भरा, मग बघू." त्या गठ्ठ्यात कधी बँकेचं नवं कार्ड असतं, कधी आधारचं पत्र असतं, आणि कधी अशी नोटीस असते जिची मुदत पाकीट न उघडताच सुरू झालेली असते.

उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापुरात राहणाऱ्यांनी टपाल कुठल्या टप्प्यावर कुणाच्या ताब्यात असतं हे एकदा नीट समजून घ्यायला हवं. पत्र कुणाच्या हाती पडलं म्हणजे पोचलं, हे आपण स्वतः, लेखी आणि भांडण होण्याआधी ठरवून ठेवावं. आपण ठरवलं नाही तर ते गेटवरचा माणूस ठरवतो.

वॉचमनकडे टपाल देण्याची रीत पडली कशी, हे आधी पाहू. बदलापूर ते सीएसएमटी अंतर ६८ किलोमीटरच्या आसपास आहे. नोकरी करणारा माणूस सकाळची लोकल गाठतो आणि घरी येतो तो रात्री. नवरा-बायको दोघंही नोकरी करत असतील तर दिवसभर दाराला कुलूप. पोस्टमन मात्र दिवसाउजेडी येतो. चार मजले चढून कुलूप बघायचं आणि पुन्हा उतरायचं, त्यापेक्षा वॉचमनकडे ठेवणं त्याला बरं पडतं आणि रहिवाशालाही. सगळं गोडीत असतं तोवर यात कुणाचंच काही बिघडत नाही.

उल्हासनगरात याला आणखी एक कारण आहे. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना कल्याणजवळच्या लष्करी छावणीत वसवलं गेलं आणि १९४९ साली गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांनी पायाभरणी करून या वसाहतीला उल्हासनगर हे नाव दिलं. पाच कॅम्प, त्यांचे ४२१००१ ते ४२१००५ असे पाच पिनकोड, आणि पत्ता म्हणजे बॅरक नंबर, रूम नंबर, सेक्शन. पुढे कित्येक बॅरकींच्या जागी इमारती उभ्या राहिल्या. कागदावर जुना बॅरक नंबर राहिला, लोकांच्या तोंडी इमारतीचं नवं नाव आलं, आणि पत्रावर कधी हे तर कधी ते लिहिलं जाऊ लागलं. दोन्हींचा मेळ ज्याला ठाऊक, तो इमारतीखालचा माणूस पोस्टमनचा आधार झाला. म्हणून पहिलं काम साधं आहे. आपला पत्ता बँक, आधार, वीजबिल, मालमत्ता कर अशा सगळीकडे एकसारखा करून घ्या: विंग, फ्लॅट नंबर, इमारतीचं नाव, जुना बॅरक नंबर असेल तर तोही, कॅम्पचा आकडा आणि त्याचाच पिनकोड. अपुऱ्या पत्त्याचं पत्र आधी दुसऱ्याच्या हाती जातं.

आता कायद्याकडे वळू. १८९८ चा भारतीय टपाल कायदा सव्वाशे वर्षं चालला. त्यात म्हटलं होतं की पत्र घेणाऱ्याच्या घरी किंवा कचेरीत, त्याला स्वतःला, त्याच्या नोकराला, प्रतिनिधीला, किंवा नेहमीच्या रीतीप्रमाणे टपाल घ्यायला अधिकृत मानल्या जाणाऱ्या माणसाला दिलं, की ते त्यालाच दिलं असं धरावं. 'नेहमीच्या रीतीप्रमाणे' या शब्दांत सगळी गोम आहे. तुम्ही वर्षानुवर्षं वॉचमनला टपाल घेऊ दिलंत, म्हणजे ती रीत तुम्हीच पाडलीत. पोस्टमनने त्याच्याकडे पाकीट दिलं की टपाल खात्याच्या दृष्टीने काम संपलं. त्यानंतर ते कपाटात गेलं तर तो वाद तुमचा आणि सोसायटीचा, खात्याचा नव्हे. १८ जून २०२४ पासून २०२३ चा नवा टपाल कायदा लागू झाला. त्याने असले बारकावे नियमांवर सोपवले आहेत, पण पोस्टमनच्या बीटवरची रीत आजही तीच आहे.

पत्र वाटेत असताना ते कुणाचं, हा प्रश्न आपल्याच महाराष्ट्रातल्या एका कारखान्यामुळे सर्वोच्च न्यायालयात गेला होता. ओगलेवाडीचा ओगले काच कारखाना, ज्याचे कंदील एकेकाळी घराघरांत होते, तो सरकारला माल पुरवायचा आणि पैसे चेकने मागवायचा. कारखाना तेव्हा औंध संस्थानात होता आणि चेक दिल्लीहून टपालाने यायचे. उत्पन्न मिळालं कुठे, औंधला की दिल्लीला, यावर प्राप्तिकराचा वाद झाला. १९५४ साली न्यायालयाने सांगितलं की घेणाऱ्यानेच टपालाने पाठवा असं म्हटलं असेल, तर टपाल खातं त्याचा प्रतिनिधी ठरतं आणि चेक टपालात पडला तेव्हाच त्याला मिळाला. तसं सांगितलं नसेल तर खातं पाठवणाऱ्याचं प्रतिनिधी राहतं. तो वाद कराचा होता, तरी आपल्या कामाची गोष्ट त्यात आहे. पत्रावर हक्क पाठवणाऱ्याचा किंवा घेणाऱ्याचा, या दोघांतच फिरतो. मधल्या तिसऱ्या माणसाचा त्यावर कधीच हक्क नसतो.

मग सोसायटीला थकबाकीपोटी टपाल अडवून ठेवता येतं का? नाही. १८७२ च्या करार कायद्याचं कलम १७१ येणी मिळेपर्यंत ताब्यातली वस्तू अडवून ठेवायचा सर्वसाधारण हक्क मोजक्या मंडळींनाच देतं: बँका, आडते, धक्केवाले, उच्च न्यायालयातले वकील आणि विमा दलाल. बाकी कुणालाही तसा स्पष्ट करार असल्याशिवाय हा हक्क नाही. सोसायटीच्या उपविधींत थकबाकीवर व्याज आहे, सर्वसाधारण सभा ठरवेल त्या दराने, जास्तीत जास्त वर्षाला २१ टक्के सरळव्याज. वसुलीच्या दाखल्यासाठी निबंधकांकडे जाण्याची सोय १९६० च्या सहकारी संस्था कायद्यात आहे. त्या दाखल्यावर पुढे जप्तीही होऊ शकते. म्हणजे वसुलीचा रस्ता सोसायटीला मोकळा आहे आणि तो चांगला भक्कम आहे. टपाल अडवणं त्या रस्त्यावर कुठेच येत नाही.

याची दुसरी बाजूही प्रामाणिकपणे सांगायला हवी. तुमचं टपाल स्वीकारायला सोसायटी बांधील नाही. 'उद्यापासून वॉचमन कुणाचंही टपाल घेणार नाही' असा ठराव समितीने केला आणि तो सगळ्यांना सारखा लावला, तर त्यात बेकायदा काही नाही. पण एकदा घेतलं की ते सांभाळून, विनाअट परत द्यायचं. आणि पोस्टमनला तुमच्या दारापर्यंत किंवा तुमच्या पेटीपर्यंत येऊ द्यायचं नाही, हा अधिकार तर कुठल्याच समितीला नाही. पोस्टमन लोकसेवक आहे. सरकारी काम करताना त्याला मुद्दाम अडवणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २२१ खाली गुन्हा आहे.

एवढं गंभीर का घ्यायचं, तर नोटिशीमुळे. चेक न वटल्याचं प्रकरण घ्या. बँकेकडून कळल्यापासून ३० दिवसांत चेक धारण करणारा नोटीस पाठवतो आणि ती मिळाल्यापासून १५ दिवसांत पैसे भरले नाहीत तर फौजदारी खटला उभा राहतो. १८९७ च्या सर्वसाधारण वाक्खंड कायद्याचं कलम २७ सांगतं की बरोबर पत्ता लिहून, पूर्ण हशील भरून नोंदणीकृत टपालाने पाठवलेलं पत्र, उलट सिद्ध होईपर्यंत, पोचलं असंच धरायचं. सी. सी. अलवी हाजी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००७ साली हे गृहीतक चेकच्या नोटिशीलाही लावलं. नोटीस मिळालीच नाही असं म्हणणाऱ्याला कोर्टाचं समन्स मिळाल्यावर १५ दिवसांत पैसे भरून सुटायची वाट त्यांनी ठेवली, पण पत्र माझ्या हाती आलं नाही हे पटवून देण्याचं ओझं तुमच्यावरच येतं. पाकीट सेक्रेटरीच्या कपाटात पडून होतं, हे तेव्हा तोंडी सांगून भागत नाही.

कोर्टाच्या समन्सची गोष्ट थोडी वेगळी आहे आणि ती रहिवाशाच्या बाजूची आहे. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ५, नियम १५ प्रमाणे प्रतिवादी घरी नसेल तर घरातल्या सज्ञान माणसाला समन्स देता येतं, पण नोकर हा कुटुंबातला माणूस धरायचा नाही असं तिथेच स्पष्ट लिहिलं आहे. मग इमारतीचा वॉचमन तर दूरच राहिला. त्याच्या सहीवर तुमच्याविरुद्ध एकतर्फी निकाल झाला असेल तर हा मुद्दा वकिलाला आवर्जून सांगा.

सगळ्यात बोचरा प्रसंग थकबाकीच्या वादात येतो. सोसायटी वसुली दाखल्यासाठी निबंधकांकडे अर्ज करते आणि सुनावणीची नोटीस सदस्याच्या नावाने त्याच इमारतीच्या पत्त्यावर निघते. जिने अर्ज केला, तिच्याच टेबलावर विरुद्ध पक्षाची नोटीस येऊन पडते. तारखेला सदस्य गैरहजर, मग दाखला मंजूर. हे टाळायचं तर उपनिबंधक कार्यालयात स्वतः जाऊन आपला मोबाइल नंबर, ईमेल आणि पत्रव्यवहाराचा पत्ता लेखी देऊन ठेवावा. बदलापूर अंबरनाथ तालुक्यात येतं, उल्हासनगर तालुका वेगळा आहे, हे ध्यानात ठेवून योग्य कार्यालय गाठावं.

आता काय करायचं ते. तळमजल्यावर आपली टपालपेटी असावी, तिला चालणारं कुलूप असावं आणि वर फ्लॅट नंबरासोबत घरात राहणाऱ्या सगळ्यांची नावं असावीत. भाडेकरू असेल तर त्याचंही. आपल्या कित्येक इमारतींत पेट्यांची दारं लोंबकळत असतात आणि आत जाहिरातींचे कागद कोंबलेले असतात. साधी पत्रं, ज्यांची कुठेच नोंद नसते, ती याच पेटीत पडतात आणि हरवली तर त्यांचा माग लागत नाही. कुलपाइतका स्वस्त उपाय दुसरा नाही.

नोंदीच्या टपालासाठी आपल्या पिनकोडचं वितरण जिथून होतं, त्या पोस्टाच्या पोस्टमास्तरांना पत्र द्या. घराजवळच्या लहान पोस्टातून बटवडा होतोच असं नाही, म्हणून आधी विचारा. मजकूर एवढाच पुरे: "माझ्या नावे येणारं स्पीड पोस्ट व नोंदीचं इतर टपाल मला किंवा माझ्यासोबत राहणाऱ्या पुढील व्यक्तींनाच द्यावं. सोसायटीचे पदाधिकारी, मॅनेजर व सुरक्षारक्षक यांना माझं टपाल स्वीकारण्याचा अधिकार मी दिलेला नाही. पूर्वी तशी रीत असल्यास ती मी आजपासून मागे घेत आहे. घर बंद असल्यास सूचनाचिठ्ठी माझ्या टपालपेटीत टाकून टपाल कार्यालयात ठेवावं. ओळखपत्र दाखवून मी ते घेऊन जाईन." खाली घरातल्यांची नावं, सही, मोबाइल नंबर, ओळखपत्राची झेरॉक्स. आपल्या प्रतीवर पोस्टाचा तारखेचा शिक्का घ्यायला विसरू नका. 'मागे घेत आहे' हे शब्द महत्त्वाचे आहेत, कारण वर सांगितलेली 'नेहमीची रीत' त्यांनीच मोडते. जमल्यास बीटच्या पोस्टमनलाही भेटून नीट सांगा. तो उन्हातान्हात शेकडो दारं फिरतो. त्याच्याशी ओळख असली की निम्मं काम होतं.

पोस्टात परत नेलेलं नोंदीचं टपाल साधारण सात दिवस ठेवतात आणि मग पाठवणाऱ्याकडे धाडतात. पोस्ट शनिवारी उघडं असतं, लोकलने जाणाऱ्यांना तोच वार सोयीचा.

इथे २०२५ मधला बदल समजून घ्यायला हवा. रजिस्टर पोस्ट ही स्वतंत्र सेवा त्या वर्षी स्पीड पोस्टात विलीन झाली. नुसतं स्पीड पोस्ट हे पत्त्यावर द्यायचं टपाल आहे. त्या पत्त्यावर जो भेटेल त्याला ते दिलं जाऊ शकतं. जुन्या रजिस्टरसारखं ते खुद्द माणसाला किंवा त्याने अधिकार दिलेल्यालाच मिळावं असं वाटत असेल, तर पाठवणाऱ्याने 'रजिस्ट्रेशन'ची जोडसेवा घ्यावी लागते. तिला ५ रुपये आणि जीएसटी. तेवढ्याच दरात ओटीपीची सेवाही आहे. घेणाऱ्याच्या मोबाइलवर आलेला आकडा सांगितल्याशिवाय पाकीट हातातून सुटत नाही. मात्र ही निवड पाठवणाऱ्याची असते, तुमची नव्हे. म्हणून गावाकडून भाऊ कागद पाठवणार असेल, वकील मसुदा पाठवणार असेल, तर आधीच फोन करून ओटीपी लावायला सांगा. वादात अडकलेल्या घरासाठी हे दहा रुपयांच्या आतलं संरक्षण आहे.

टपाल परत गेलं असेल तर पाकिटावरचा शेरा पाठवणाऱ्याला विचारा. 'दार बंद', 'पत्ता अपुरा', 'सोडून गेले', 'घेण्यास नकार'. यातला शेवटचा शेरा सगळ्यात घातक, कारण नकार म्हणजे नोटीस मिळाली असंच कोर्ट धरतं. गेटवर सेक्रेटरीने "ते घेत नाहीत" म्हटलं आणि पोस्टमनने तसं लिहिलं, तर नकार तुमच्या नावावर जातो. असं आढळलं की लगेच लेखी तक्रार करा. १८०० २६६ ६८६८ हा टपाल खात्याचा निःशुल्क क्रमांक आहे, त्याशिवाय केंद्राच्या तक्रार पोर्टलवरही नोंदवता येतं. पाकीट पोचल्याची नोंद आहे पण तुम्हाला मिळालं नाही, अशा वेळी माहितीच्या अधिकारात पाकिटाचा नोंद-क्रमांक देऊन ते कुठल्या तारखेला, कुणाला दिलं आणि सही कुणाची आहे, एवढं विचारा. अर्जाला १० रुपये लागतात, उत्तराची मुदत ३० दिवस. वेळ घालवू नका, कारण बटवड्याची कागदपत्रं कायम जपली जात नाहीत. वॉचमनचं किंवा सेक्रेटरीचं नाव असलेला तो एक कागद पुढच्या सगळ्या तक्रारींचा पाया असतो.

सोसायटीकडे तक्रार लेखी द्यायची आणि पोच घ्यायची. आदर्श उपविधींप्रमाणे समितीने पुढच्या सभेत निर्णय घेऊन १५ दिवसांत कळवायचा असतो. काही झालं नाही तर उपनिबंधकांकडे समितीच्या वागणुकीबद्दल अर्ज, आणि वाद मोठा असेल तर ठाण्याच्या सहकार न्यायालयात सहकारी संस्था कायद्याच्या कलम ९१ खाली दावा. माझ्या मते नुसत्या टपालासाठी कोर्टापर्यंत जाऊ नये. मेंटेनन्सच्या मूळ वादात ते एक मुद्दा म्हणून, पुराव्यासह घालावं. तिथे त्याचं वजन पडतं.

पोलिसांत जावं का? जुन्या टपाल कायद्याच्या कलम ६८ मध्ये दुसऱ्याचं टपाल दडवून ठेवणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद होती, पण ती वाटेतल्या टपालापुरती. नव्या कायद्याने हे कलमच ठेवलं नाही. आता भारतीय न्याय संहितेतलं कलम ३१४, अप्रामाणिकपणे दुसऱ्याची वस्तू बळकावणं, हाच मुख्य आधार उरतो आणि त्यात अप्रामाणिक हेतू दाखवावा लागतो. कार्ड वापरलं गेलं, चेक वटवला गेला, तर गुन्हा उघड आहे. नुसतं कपाटात ठेवलेलं पाकीट असेल तर पोलीस ठाण्यात बहुतेक एनसी, म्हणजे अदखलपात्र तक्रार, नोंदवून घेतील. तीही नोंदवावी, कारण तारखेचा पुरावा राहतो. ब्रिटनच्या २००० सालच्या टपाल सेवा कायद्यात, चुकून आपल्याकडे आलेलं दुसऱ्याचं पाकीट त्याचं नुकसान करायच्या हेतूने आणि सबळ कारणाशिवाय उघडणं हाच गुन्हा आहे. आपल्या नव्या कायद्यात असं एक कलम असायला हवं होतं असं मला मनापासून वाटतं. ज्या देशात आजही आधारपासून पॅनपर्यंत सगळं टपालाने घरी येतं, तिथे गेटवरचं टपाल असं उघडं सोडायला नको होतं.

भाडेकरूंची अडचण वेगळी. ते सोसायटीचे सदस्य नसल्याने उपनिबंधक आणि कलम ९१ त्यांच्या उपयोगाचे नाहीत. भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम २९ ने घरमालकाला पाणी, वीज, लिफ्ट तोडायला मनाई केली आहे, पण त्या यादीत टपालाचं नाव नाही. त्यांचा खरा आधार पोस्टमास्तरांना दिलेलं पत्र. नोंदवलेला भाडेकरार सोबत जोडला तर त्या पत्त्यावर राहतो हे सिद्ध करायला वेळ लागत नाही. अंबरनाथ-बदलापूरच्या नव्या संकुलांत सोसायटीच स्थापन झालेली नसते आणि गेट बिल्डरच्या मॅनेजरच्या हातात असतं. तिथे टपालाच्या तक्रारीबरोबरच सोसायटी स्थापनेसाठी महारेराकडे जावं. निम्म्याहून जास्त घरांची नोंदणी झाली की तीन महिन्यांत ती स्थापन करायची जबाबदारी बिल्डरची आहे.

आणि ज्यांना इमारतच सोडावी लागली त्यांच्यासाठी. उल्हासनगरात मे २०२१ मध्ये पंधरवड्यात दोन इमारतींचे स्लॅब कोसळून माणसं गेली, तेव्हापासून धोकादायक इमारतींच्या नोटिसांचं महत्त्व इथे सगळ्यांना कळलं आहे. इमारत रिकामी झाली की कुटुंबं भाड्याने कुठे कुठे पांगतात. जागेवरचा हक्क, पुनर्विकासाच्या सभेची सूचना, पालिकेचं पत्र, सगळं मात्र जुन्या पत्त्यावर येत राहतं आणि ते कुणीतरी तिसराच उचलतो. जुन्या पत्त्याच्या पोस्टात पत्ताबदलाचा अर्ज द्यावा, म्हणजे टपाल नव्या पत्त्याकडे वळवलं जातं. अर्जावर घरातल्या प्रत्येकाचं नाव लिहावं, पालिकेला आणि सोसायटीला नवा पत्ता वेगळा कळवून पोच घ्यावी. वळवण्याची सूचना ठराविक मुदतीपुरतीच चालते, म्हणून मुदत किती ते खिडकीवर विचारून ती संपायच्या आत अर्ज पुन्हा भरावा.